हिच्यासाठी केलेली तपासणी

नोकरीची शेवटची काही वर्षं मी केंद्रप्रमुख होतो. आसपासच्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा तपासायच्या, हे माझं काम. त्यात एक गोष्ट मी फार लवकर शिकलो. आधी कळवून गेलं की शाळा नवरीसारखी सजलेली असते. फळ्यावर सुविचार, पोरांच्या डोक्याला तेल, मास्तरांच्या अंगात इस्त्रीचा सदरा. म्हणून मी न कळवता जायचो आणि गेल्या गेल्या ऑफिसात बसायचो नाही. आधी मुलींची मुतारी पाहायची, मग पाण्याची टाकी, मग शेवटच्या रांगेतल्या पोराजवळ मांडी घालून बसायचं. मुख्याध्यापक अर्धा तास बोलून सांगणार नाहीत ते त्या पोराच्या चेहऱ्यावर दिसतं.

रिटायर झाल्यावर हे सगळं विसरून जायचं ठरवलं होतं. पण विसरायची पाळी घरातल्या दुसऱ्याच माणसावर आली.

आमचं वावर जानेफळजवळ. मी शाळेत असायचो, वावर माझ्या बायकोच्या अंगावर. मेथी, पालक, वांगी आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडं सांबारच म्हणतात. आठवडी बाजारात ती स्वतः पोतं अंथरून बसायची. लोक म्हणायचे, "बाई, मास्तरीन असून बाजारात काऊन बसता?" ती म्हणायची, "पगार त्यायचा हाय. मेथी माही हाय." आमच्या एकुलत्या एका पोरीचं नागपूरचं शिक्षण त्या पोत्यावर झालं, हे मी कुणालाही सांगतो.

आधी वरणात दोनदा मीठ पडायला लागलं. मग शेजारणीचं नाव गेलं, मग पोरीचं, आणि एका सकाळी मला चहा देताना तिनं विचारलं, "तुमी कोनाकडे आले?" डॉक्टर म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, मागं फिरत नाही, फक्त सांभाळायचा. बाकी सगळं जात राहिलं, पण तिची पहाट गेली नाही. तांबडं फुटायच्या आधी ती उठायची, पदर खोचायची, टोपलं उचलायची आणि बाहेर पडायची. माझं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून वावर दुसऱ्याला ठोक्यानं कसायला दिलं होतं. तिला ते कुठं माहीत होतं? कधी वावरात जायची, कधी थेट रस्त्याला लागायची. एकदा दूधवाल्याला ती मेहकरच्या रस्त्यावर सापडली. रिकामं टोपलं डोक्यावर, मागून ट्रक येऊन राह्यलेला, आणि ही मधोमध. दूधवाल्यानं तिला गाडीवर बसवून आणलं, तेव्हा ती त्याच्यावरच चिडली होती. "बाजार उठून जाईन माहा!"

मला धावता येत नव्हतं. पोरगी नागपूरला बँकेत आहे, तिनं आईला नेलं. पण तिचं घर वरच्या मजल्यावर. ही दिवसभर गॅलरीच्या जाळीला धरून उभी राहायची आणि येणाऱ्या जाणाऱ्याला विचारायची, "खाली कसं उतरायचं, बाप्पा?" जेवेना. जावई भला माणूस, पण त्याच्याही डोळ्यात पाणी यायचं. शेवटी पोरगीच म्हणाली, "बाबा, चांगलं शुश्रूषागृह पाहू. जिथं चोवीस तास माणसं असतील."

माझे थोरले भाऊ म्हणाले, "आपल्या घरात असं कधी झालं नाही. लोक काय म्हणतीन?"

मी म्हटलं, "दादा, लोक पहाटे उठून हिच्यामागं पळणार असतील तर त्यांना आधी विचारून घेतो."

दादा टोपी उचलून उठले.

पहिली जागा पोरीनं शोधली होती. जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या शहरात. पोरगी आधी फोन करून गेली होती, म्हणून आमचं स्वागत थाटात झालं. पांढरी फरशी, त्यात तोंड दिसावं. भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे मोठे फोटो. तिथल्या व्यवस्थापकानं आम्हाला गार पाणी दिलं आणि सांगितलं, "आमच्याकडे पेशंट एकदम शांत असतात." पोरगी माझ्याकडं पाहून हसली. तिला जागा आवडली होती.

मोठ्या खोलीत टीव्ही चालू होता आणि पुढं ओळीनं माणसं बसवली होती. इतकी माणसं, पण कुणी कुणाशी भांडत नव्हतं, कुणी उठत नव्हतं, चहा मागत नव्हतं. माझ्या मनात आलं, ज्या वर्गात पोरं इतकी शांत असतात तिथं मास्तरच्या हातात छडी असते. मी व्यवस्थापकाला बोलत ठेवायचं काम पोरीवर सोडलं आणि चालत चालत शेवटच्या खोलीतल्या शेवटच्या पलंगाशी गेलो.

तिथं एक बाई पडली होती. वय असेल ऐंशीच्या घरात. खिडकीच्या कट्ट्यावर पाण्यानं भरलेला पेला होता, तिचा हात पोचणार नाही इतका लांब. पाण्यावर धुळीची साय धरली होती. मी कोपऱ्यातल्या जारमधून ताजं पाणी घेतलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं दोन्ही हातांनी पेला धरला आणि एका दमात संपवला. मग पेला पुन्हा पुढं केला. तिसऱ्या पेल्यानंतर तिनं डोळे मिटले.

परतीच्या गाडीत पोरगी म्हणाली, "बाबा, किती स्वच्छ आहे ना?"

मी तिला पेल्याचं सांगितलं. तिनं फोन पिशवीत टाकला. मग म्हणाली, "आता पुढची जागा तुम्ही शोधा. मी फोन करत नाही."

दुसरी जागा एका देवस्थानाजवळची, धर्मादाय. तिथले गृहस्थ फार सरळ होते. माझं ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, माणसं भरपूर, सांभाळणारे दोघं. उठून चालू लागणारी बाई आमच्यानं होणार नाही. खोटं सांगून ठेवून घेऊ का?" त्यांनी खरं सांगितलं; मी त्यांच्या पाया पडायचा तेवढा राहिलो. त्यांनीच तिसऱ्या जागेचा पत्ता दिला.

ती शेगावच्या बाहेर, शेतांना लागून होती. जानेफळहून खामगाव, तिथून दुसरी बस, आणि फाट्यावर उतरून पायी. मी सकाळच्या पहिल्या बसनं निघालो आणि चहाच्या वेळेला पोचलो. इमारत साधी, बैठी, स्वयंपाकघरावर टिनपत्रे. फाटकातून आत शिरतो तोच मोठमोठ्यानं भांडण ऐकू आलं. एक म्हातारे गृहस्थ काठी आपटून म्हणत होते, "साखर टाकली का नाही? फिक्कं पाजून मारता का मले?"

चहा देणाऱ्या मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "बाबा, साखर डॉक्टरनं तोडली. भांडा, मले काही वाटत नाही. पन चहा थंडा होऊन राह्यला ना!"

म्हाताऱ्यानं चहा घेतला. घोट घेतला आणि पुन्हा भांडायला लागला. मला बरं वाटलं.

मी कुणाला न विचारता संडास पाहिले. फरशी कोरडी, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. पलंग पाहिले. प्रत्येकाजवळ तांब्या, उशाशी, हाताच्या अंतरावर. एका आजीची नखं मुद्दाम पाहिली, कापलेली होती. शेवटच्या खोलीत शेवटच्या पलंगावर एक गृहस्थ होते, लकव्यानं उजवी बाजू गेलेली. मी खुर्ची ओढून बसलो, राम राम केला आणि विचारलं, "इथं नीट पाहतात का?"

त्यांची जीभ जड होती. ते बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "पाठ... पाहा."

मी समजलो नाही. त्यांनी डाव्या हातानं सदरा वर ओढायचा प्रयत्न केला. मी मदत केली. ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलंय त्यांना ठाऊक आहे, पडून राहणाऱ्याची पाठ म्हणजे त्याला सांभाळणाऱ्यांची परीक्षा. दिवसरात्र कूस बदलली नाही की कातडी लाल होते, मग फुटते, मग तिथं हाड दिसेपर्यंत जखम जाते. या माणसाची पाठ लहान लेकरासारखी होती. एक डाग नाही.

"किती दिवस झाले पडून?" मी विचारलं.

"वर्षं," ते म्हणाले आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसले. त्या हसण्यात अभिमान होता, जणू ती पाठ त्यांनी आणि त्या लोकांनी मिळून राखली होती.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "तुम्ही कोण? कुणाला विचारून आत आलात?"

पांढऱ्या साडीतल्या एक उंच बाई उभ्या होत्या. सगळं त्यांच्याच हाताखाली चालायचं, सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या, साखरखेर्ड्याकडच्या. त्यांनी मला दरवाजाबाहेर काढलं आणि चांगलं झापलं. "इथं माणसं राहतात. कुणाच्या घरात असं शिरता का तुम्ही? त्यांचा सदरा वर करायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

"त्यांनीच," मी म्हटलं.

त्यांनी आत जाऊन त्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठं त्या शांत झाल्या. इतक्या वर्षांत माझ्या तपासणीवर कुणी असं रागावलं नव्हतं. एखाद्या शाळेत रागावलं असतं तर त्या शाळेला मी पहिला नंबर दिला असता.

मग आम्ही झाडाखाली बसलो. मी विचारायचे प्रश्न मनात जुळवून आलो होतो, पण विचारत त्याच राहिल्या. बायको कोणत्या कुशीवर झोपते? अंघोळ सकाळची की संध्याकाळची? भाकर कशाची? चिडते कशानं? घाबरते कशानं? पूर्वी काम काय करायची? तिला लोक काय म्हणून हाक मारायचे? मी उत्तरं देत गेलो आणि देता देता मला माझी बायको पुन्हा दिसायला लागली. दोन वर्षांत डॉक्टरांनी, नातेवाइकांनी, मी स्वतःसुद्धा ती काय विसरली तेवढंच मोजलं होतं. ही बाई मला, ती कोण आहे, हे विचारत होती.

"ती पहाटे उठून निघून जाते," मी शेवटी सांगितलं. हे ऐकून नकार येईल असं वाटलं होतं.

"कुठं जाते?"

"वावरात. नाहीतर बाजारात."

"म्हणजे कामाला जाते," सिस्टर म्हणाल्या. "आणा तिला."

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. अंघोळीच्या वेळी ती इतकी ओरडायची की बाहेर रस्त्यावर ऐकू जायचं. मी दर दोन-चार दिवसांनी जायचो, न कळवता. सिस्टरना ते कळलं होतं. एकदा म्हणाल्या, "गुरुजी, चोरून येऊ नका. फाटक उघडंच असतं." अंघोळीचं कोडं मावशींनी सोडवलं. वरून पडणाऱ्या फवाऱ्याला ही घाबरत होती. मावशींनी बादली ठेवली, हातात तांब्या दिला आणि स्वतः पाठ फिरवून उभ्या राहिल्या. ही गुमान पाटावर बसली आणि आपली आपण अंघोळ करून मोकळी झाली. वर मावशींना म्हणाली, "तुमीबी करून घ्या. पानी चांगलं हाय."

एका दुपारी मला फोन आला. सिस्टरच होत्या. "गुरुजी, आजी सकाळी वऱ्हांड्यात घसरल्या. कपाळाला टेंगूळ आलंय. डॉक्टर येऊन पाहून गेले, काळजीचं नाही. फरशी ओली होती. चूक आमची आहे."

मी फोन ठेवला. नोकरीत मी शेकडो मुख्याध्यापक पाहिले. पोरगं पडलं तर पोराचा दोष, छप्पर गळलं तर पावसाचा. "चूक आमची आहे" हे वाक्य मी न विचारता कुणाच्या तोंडून ऐकलं असेल तर त्या दिवशी. रात्री पोरीनं फोनवर विचारलं, "बाबा, आईला परत आणायचं का?" मी म्हटलं, "नाही. आता तर मुळीच नाही."

पण पहाटेचं काही जमत नव्हतं. ती उठायची, दारं ढकलायची, कडी वाजवायची. बाकीचे जागे व्हायचे. साखरेसाठी भांडणारे बाबा आता झोपेसाठी भांडायला लागले. तिथं येणारे डॉक्टर तरुण होते, मनानं चांगले. ते म्हणाले, "झोपेची लहान गोळी सुरू करू. सकाळी जरा उशिरा उठतील."

मला त्या पहिल्या जागेतली शांत माणसं आठवली. मी म्हटलं, "डॉक्टर, तिच्याजवळ आता तेवढी एकच गोष्ट तिची राहिली आहे. पहाटे उठणं. ती मी गोळीला देणार नाही."

"मग बाकीच्यांनी जागायचं का?" डॉक्टरांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

सिस्टर मध्ये पडल्या. त्यांनी मला विचारलं, "उठून ती नेमकं काय करायची?"

"मेथी तोडायची. ऊन चढायच्या आत."

सिस्टर उठल्या आणि आम्हाला स्वयंपाकघराच्या मागं घेऊन गेल्या. तिथं मोकळी जागा होती, गवत माजलेलं, भांडी धुतलेलं पाणी तिकडंच जायचं. कुंपण भक्कम होतं. "इथं दार काढू," त्या म्हणाल्या. "तिच्या खोलीकडून थेट इकडं. कडी नको."

डॉक्टर हसले. "माझी हरकत नाही. महिनाभर बघू. नाही जमलं तर गोळी."

"चालेल," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी जानेफळहून मेथीचं बी, सांबाराचं बी आणि तिचं जुनं खुरपं घेऊन आलो.

खुरपं हातात दिलं तेव्हा तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. मुठीवर अंगठा फिरवला. मग माझ्याकडं न पाहता खाली बसली आणि गवत काढायला लागली. बसायची तीच ढब, एक गुडघा जमिनीला, एक छातीला. मी वाफे पाडायला वाकलो, तर मला बाजूला सारलं. "तुमच्यानं नाही होत. सोडा. वाकडे पाडून राह्यले." खरंच वाकडे होते. तिनं हातानं माती सारखी केली, वरंबा सरळ धरला, आणि बी असं फेकलं की दाणा दाण्यावर पडू नये. मावशी तोंडाला पदर लावून बघत होत्या. पलीकडं खिडकीत लकव्याच्या गृहस्थांचा पलंग ओढून आणला होता. ते अर्ध्या चेहऱ्यानं हसत होते.

तेव्हापासून पहाटेचा दंगा थांबला. ती उठायची, बिनकडीच्या दारातून बाहेर जायची, आणि मागोमाग मावशी चहाचे दोन कप घेऊन जाऊन पायरीवर बसायच्या. दुपारी जेवून ती झोपायची, गोळीशिवाय. मेथी वर आली. आठवड्यात दोन बोटं, मग चार. पहिली तोड स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी भांडणाऱ्या बाबांनी भाकर मागून घेतली आणि कशावरूनही भांडले नाहीत, असं मावशींनी मला फोन करून सांगितलं. महिना झाला तेव्हा डॉक्टर आले, वाफ्यांशी थोडा वेळ उभे राहिले आणि एक जुडी मागून घेऊन गेले. गोळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मेथी, मग सांबार, मग वांगी. तिथल्या स्वयंपाकघरात खपेना इतकं व्हायला लागलं. आणि ती रोज विचारू लागली, "बाजार कोन्या दिवशी हाय?"

एक दिवस सिस्टर म्हणाल्या, "गुरुजी, नेऊ का तिला बाजारात?"

पोरीला कळलं तेव्हा तिनं फोनवरच आकांत केला. "बाबा, एवढ्या गर्दीत? ती घाबरेल. हरवली तर? लोक हसले तर?" मी म्हटलं, "तू ये. लांबून उभी राहून बघ. नको वाटलं तर उचलून आणू." ती रजा टाकून आली.

जवळच्या गावचा आठवडी बाजार होता. मावशींनी ऑटोत माल घातला, हिला नवं लुगडं नेसवलं होतं. रसवंतीच्या सावलीत मी, पोरगी आणि सिस्टर उभे राहिलो. मावशींनी पोतं अंथरलं, मेथीच्या जुड्या, सांबार, वांगी मांडली आणि हिला बसवलं.

पहिल्यांदा ती बावरली. पलीकडं कपडेवाल्याचा भोंगा ओरडत होता. तिनं कानावर हात ठेवले, इकडं तिकडं पाहिलं, आणि उठायला लागली. पोरगी पुढं निघाली. सिस्टरनी तिचा हात धरला. "थांब. मावशी आहेत."

मावशी तिला धरायला गेल्या नाहीत. नुसत्या शेजारी बसून राहिल्या आणि जुड्यांवर पाणी शिंपडू लागल्या. तेवढ्यात एक जाडजूड बाई आल्या. त्यांनी मेथीची जुडी उचलली, नाकाशी नेली आणि परत टाकून म्हणाल्या, "सुकेल हाय."

उठायला निघालेली ही खाली बसली. पदर खोचला.

"सुकेल?" तिनं ती जुडी उचलून त्या बाईच्या तोंडापुढं धरली. "पहाटे तोडली! देठ मोडून पाहा. आवाज आला नाही तर फुकट ने!"

बाईनं देठ मोडला. कट्कन आवाज आला. रसवंतीवाल्यासह आम्ही सगळ्यांनी तो ऐकला असं मला आजही वाटतं.

"किती घेतेस? दोन का तीन?" ही म्हणाली. बाईनं तीन घेतल्या.

मग ती थांबलीच नाही. "या हो ताई, सांबार पाहा! वांगं पाहा, काटेरी हाय, भरून करा!" तिचा आवाज वाढत गेला, वाढत गेला, आणि भोंग्याच्या वर गेला. पैसे मावशी सांभाळत होत्या, तेवढं तिला जमत नव्हतं. पण भाव सोडायचा कधी आणि धरायचा कधी, माणसाचा चेहरा पाहून ते तिला बरोबर कळत होतं. घासाघीस करून निघालेल्या गिऱ्हाइकाला ती चार पावलं जाऊ द्यायची आणि मग हाक मारायची. गिऱ्हाईक परत यायचं. माझ्या शेजारी पोरगी रडत होती आणि हसत होती. "बाबा, मी लहान असताना असंच बसायची ती. अशीच." 

शेवटी मलाच राहवलं नाही. मी पुढं गेलो आणि पोत्यासमोर बसलो.

"मेथी कशी दिली?"

तिनं भाव सांगितला. मी मुद्दाम अर्धा केला. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मास्तरसारखे दिसता, आन् बोलता असं? नाही परवडत. ठेवा खाली."

"बरं, थोडं तरी कमी करा."

"एक पैसा नाही. कोन्या गावचे तुमी?"

"जानेफळचा."

तिचा हात थांबला. चेहरा मऊ झाला. तिनं मान जरा वाकडी करून मला पाहिलं. ओळख पटली नव्हती, ते मला दिसत होतं. पण कुठंतरी एक दिवा लागला होता.

"जानेफळ तं माहं सासर हाय," ती म्हणाली. "चांगली मानसं हायेत तथली." मग तिनं दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या आणि वरून तिसरी ठेवली. "हे सासरच्या मानसाले. पैसे नका देऊ याचे. घरच्या बाईले सांगा, लसून जास्त टाकजो."

"सांगतो," मी म्हटलं.

मी परत रसवंतीशी आलो तेव्हा सिस्टर चष्मा पुसत होत्या. "गुरुजी, तपासणी झाली का तुमची?" त्यांनी विचारलं. मी पिशवीतली तिसरी जुडी काढून त्यांच्या हातात दिली. माझ्याकडं दुसरा शेरा नव्हता.

ऊन कलायच्या आत माल संपत आला. पोरगी आता लपून राहिली नव्हती. ती आईशेजारी पोत्यावर जाऊन बसली होती, ऑफिसच्या चांगल्या कपड्यांत, आणि वांगी तोलून देत होती. हिनं तिलाही ओळखलं नाही, पण काम नीट करते म्हणून तिची पाठ थोपटली. "कोनाची पोरगी हायेस गं? हुशार हायेस." पोरीनं सांगितलं, "तुमचीच." ही खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला, आणि पोरगीही हसली.

आता दर बाजाराला ऑटो जातो. भांडणारे बाबा हट्टानं सोबत जातात. त्यांनी आयुष्यभर किराणा दुकान चालवलं होतं, पण ते काम त्यांना द्यायचं आधी कुणाला सुचलंच नव्हतं. पैसे तेच सांभाळतात आणि गिऱ्हाइकांशी भांडतात, त्यामुळे तिथल्या लोकांशी त्यांचं भांडण बरंच कमी झालंय. मागच्या खिडकीतून लकव्याचे गृहस्थ कोणता वाफा पिवळा पडला ते सांगतात. हिचा आजार गेलेला नाही, तो पुढंच जाईल, हे डॉक्टरांनी मला सांगितलंय आणि मी ते ऐकलंय. थोरले दादा मागच्या महिन्यात स्वतः येऊन पाहून गेले. जाताना त्यांनी हिच्याकडून वांगी विकत घेतली आणि गावभर सांगितलं की धाकटी भावजय भाव सोडत नाही.

त्या पहिल्या बाजारात, सगळं संपल्यावर, पोतं झटकताना एक माणूस धावत आला. "आजी, मेथी आहे का एखादी जुडी?"

तिनं रिकामं पोतं त्याच्यापुढं पसरून दाखवलं. घामानं चेहरा चमकत होता, केस सुटले होते.

"संपली, बाप्पा," ती म्हणाली. "सगळी संपली. अथी सकाळीच या लागते."